चट्ट्याची कड कोण आखतो? संगणक, कुष्ठरोग आणि मराठवाड्याची त्वचा (धागा)

१/ त्वचेवरील डागाचे छायाचित्र दिले की संगणक त्याची कड आखतो. कड आखली की डागाचे क्षेत्रफळ, आकार आणि रंग मोजतो व रोगाचा अंदाज बांधतो. येथवर आक्षेपाचे कारण नाही. आक्षेप आहे तो पुढच्या विधानाला: यंत्राला पूर्वग्रह नसतो, म्हणून त्याने आखलेली कड हीच खरी कड. हे विधान इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, आणि जालन्यासारख्या जिल्ह्यात ते घातक ठरू शकते. त्यासाठी आधी मुंबईच्या एका चित्रकार डॉक्टराकडे वळावे लागेल.

२/ हेन्री व्हॅन्डाइक कार्टर. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' (१८५८) या जगप्रसिद्ध ग्रंथातील आकृत्या याच्या हातच्या. शीर्षकपृष्ठावर कार्टरच्या नावाची अक्षरे ग्रेने लहान करायला लावली, त्यामुळे ग्रंथ ग्रेचा राहिला आणि चित्रकार विसरला गेला. १८५८ मध्येच कार्टर मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला आणि जे. जे. रुग्णालयातील कुष्ठरुग्णांच्या अभ्यासात गुंतला. १८७४ मध्ये कुष्ठरोग आणि हत्तीरोगावरचा त्याचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील रंगीत चित्रे म्हणजे पश्चिम भारतातील माणसांच्या त्वचेचा आधुनिक वैद्यकातला एक आरंभीचा दृश्य दस्तऐवज.

३/ चित्र काढणाऱ्याला एक निर्णय टाळता येत नाही: चट्टा कुठे संपतो? कागदावर रेघ ओढावीच लागते, मग त्वचेवर ती असो वा नसो. कार्टरचे मोठेपण हे की तो त्या रेघेवर थांबला नाही. त्याने मृत रुग्णांच्या नसा उघडून पाहिल्या आणि बधिरतेचे मूळ त्वचेत नसून नसांमध्ये आहे हे दाखवले. जगातल्या उत्तम वैद्यकीय चित्रकारांपैकी एकाला १८६०च्या दशकातच कळून चुकले होते की या रोगात दिसणारी कड ही रोगाची कड नव्हे. आजच्या ॲपच्या जाहिराती वाचताना हे लक्षात ठेवावे.

४/ याच काळात मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड कडू कवठाच्या बियांच्या तेलाने कुष्ठरुग्णांवर उपचार करत होते. त्याहून मागे गेले तर चरकसंहिता कुष्ठाच्या पूर्वरूपांमध्ये स्पर्शाचे ज्ञान नाहीसे होणे नोंदवते. संहितेतील 'कुष्ठ' आणि आजचा कुष्ठरोग एकच असे म्हणणे अनैतिहासिक ठरेल, कारण तिथे अनेक त्वचारोग एकाच नावाखाली येतात. पण डोळ्यांबरोबर स्पर्शालाही विचारावे ही जाण जुनी आहे.

५/ मग कड आखायला कायदा आला. १८९०-९१ मध्ये भारतात कुष्ठरोग आयोग फिरला. रोग संसर्गातून पसरण्याचे प्रमाण इतके कमी आहे की सक्तीच्या विलगीकरणाची गरज नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. तरी १८९८ चा लेपर्स ॲक्ट झालाच. त्यातील व्याख्या मुळातून वाचण्यासारखी आहे: ज्याच्या अंगावर व्रण पडण्यास सुरुवात झाली तो 'लेपर', आणि त्यातही जो उघडपणे भीक मागतो किंवा ज्याला उपजीविकेचे साधन दिसत नाही तो 'पॉपर लेपर'. पकडून आश्रमात ठेवायचे ते या दुसऱ्याला. म्हणजे रोगाची सीमा त्वचेवर आखली गेली आणि तिची अंमलबजावणी खिसा पाहून झाली. संसदेने हा कायदा रद्द केला २०१६ मध्ये.

६/ जालना तेव्हा निजामाच्या मुलखात होते, ब्रिटिश कायद्याच्या बाहेर. १९०० साली मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज मार्ग सुरू झाला. त्यावर औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड, निजामाबाद ही स्थानके आणि पुढे डिचपल्ली. याच डिचपल्लीला १९१५ मध्ये डॉ. इझाबेल कर यांचे कुष्ठरुग्णालय उभे राहिले. हैदराबाद संस्थानातील ते या रोगाचे प्रमुख केंद्र ठरले. मराठवाड्याच्या आरोग्याचा इतिहास पुण्या-मुंबईच्या चष्म्यातून लिहिला जातो, त्यामुळे हा पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग सहसा कोणाला आठवत नाही.

७/ आता संगणक. डागाची कड यंत्राने शोधण्याची खटपट सुरू झाली ती कुष्ठरोगासाठी नव्हे, तर मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी 'एबीसीडी' हा नियम मांडला: डागाची असमानता, कड, रंग आणि व्यास. कड वेडीवाकडी असेल तर संशय घ्यावा. गोऱ्या त्वचेवरच्या गडद तिळासाठी हा नियम उत्तम होता. संगणकशास्त्राने तो उचलला आणि कड शोधणे ही पहिली पायरी ठरली.

८/ पद्धती थोडक्यात. १९७९ मध्ये जपानी शास्त्रज्ञ ओत्सु यांनी चित्रातील बिंदूंचे उजळ आणि गडद असे दोन गट पाडणारी सीमा गणिताने निवडण्याची रीत दिली. १९८८ मध्ये 'स्नेक' आला: डागाभोवती टाकलेला एक लवचिक फास, जो आकसत जाऊन कडेला चिकटतो. २०१५ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्गच्या संशोधकांनी यू-नेट मांडले. त्याला नियम सांगावा लागत नाही. माणसांनी आखलेल्या कडांची उदाहरणे दिली की ते तशा कडा आखायला शिकते.

९/ येथे थांबणे आवश्यक आहे. 'माणसांनी आखलेल्या.' प्रशिक्षणाच्या या कडांना संगणकशास्त्रात 'ग्राउंड ट्रुथ' म्हणतात, म्हणजे पायाभूत सत्य. इतिहासाच्या विद्यार्थ्याने एखाद्या बखरीला पायाभूत सत्य म्हटले तर मार्गदर्शक प्रबंध परत पाठवतील. कोणी लिहिली, कधी, कोणासाठी, पाठभेद कोणते, हे प्रश्न तिथे आधी येतात. येथे मात्र एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाने माऊसने ओढलेली रेघ सत्य म्हणून फायलीत जाते, आणि तिला पाठभेद असतात हे पुढे कोणाला आठवत नाही.

१०/ पाठभेद आहेत, आणि ते क्षेत्रातल्या जाणत्यांना ठाऊक आहेत. 'आयसिक' या आंतरराष्ट्रीय संग्रहाच्या २०१८च्या स्पर्धेत यंत्राची कड आणि तज्ज्ञाची कड यांची तुलना अशी झाली: दोन्ही कडांच्या आत सामाईक येणारे क्षेत्र भागिले दोन्हींनी मिळून व्यापलेले क्षेत्र. हा भागाकार ०.६५ पेक्षा कमी आला तर गुण शून्य. हा आकडा ठरवताना तज्ज्ञांच्या आपापसातील मतभेदाचा विचार केला होता. मेलानोमाच्या तज्ज्ञांमध्येही एकाच तिळाच्या कडेवरून एवढा फरक पडतो. स्पर्धा घेणाऱ्यांचा प्रामाणिकपणा यात दिसतो. तो विक्रेत्यांपर्यंत पोहोचत नाही.

११/ आणि त्वचा कोणाची? 'पीएच-२' हा प्रसिद्ध संग्रह पोर्तुगालच्या एका रुग्णालयातला, २०० चित्रांचा. 'हॅम-१००००' मधील १०,०१५ चित्रे ऑस्ट्रियातील व्हिएन्ना आणि ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड येथली. २०२२ मध्ये 'लॅन्सेट डिजिटल हेल्थ'मध्ये अशा २१ खुल्या संग्रहांचा, एकूण १,०६,९५० चित्रांचा आढावा आला. त्वचेचा प्रकार नोंदवलेला होता फक्त २,४३६ चित्रांत. त्यांतील तपकिरी त्वचेची चित्रे १०, अतिगडद त्वचेचे १. आणि वंश नोंदवलेल्या चित्रांत दक्षिण आशियाई माणसाचे एकही नव्हते.

१२/ त्वचेचा 'प्रकार' ही मोजपट्टीसुद्धा निष्पाप नाही. हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी ती १९७५ मध्ये मांडली ती गोऱ्या रुग्णांना अतिनील किरणांची मात्रा ठरवण्यासाठी. ऊन लागल्यावर त्वचा भाजते की रापते, यावर चार वर्ग. तपकिरी आणि काळी त्वचा नंतर खाली जोडली गेली. गोऱ्यांसाठी बारीक भेद आणि उरलेल्या बहुसंख्य मानवजातीसाठी तळाचे दोन खण. वसाहतकाळातील जनगणनेचे तक्ते ज्यांनी चाळले आहेत त्यांना ही रचना ओळखीची वाटेल.

१३/ यावर ठरलेले उत्तर येते: चित्रे वाढवा, प्रश्न सुटेल. आपल्याकडची चित्रे हवीतच. पण कुष्ठरोगाच्या बाबतीत प्रश्न संख्येपेक्षा खोल आहे आणि येथेच या धाग्याचे मुख्य म्हणणे आहे.

१४/ पहिली अडचण उलट्या रंगाची. तिळासाठी रचलेल्या जुन्या पद्धती धरून चालतात की डाग भोवतालच्या त्वचेपेक्षा गडद असतो. सावळ्या त्वचेवर कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा फिकट असतो. गोऱ्या त्वचेवर ठळक दिसणारी लाली येथे तांबूस छटेत विरून जाते. उन्हात राबणाऱ्या माणसाच्या मानेचा, दंडाचा आणि पाठीचा रंग एकसारखा नसतो. बंडीच्या बाहीची रेघ कोणत्याही चट्ट्यापेक्षा स्पष्ट असते. यंत्राला स्पष्ट कड हवी असेल तर ते बाहीची रेघ आनंदाने आखील.

१५/ दुसरी अडचण नक्कलांची. फिकट किंवा गोल डाग म्हणजे कोड असू शकते, शिबे असू शकतात, नायटा असू शकतो. नायट्याची उंचावलेली गोल कड तर एका प्रकारच्या कुष्ठचट्ट्याशी हुबेहूब जुळते. त्यात भाषेची भर. मराठीतले 'कोड' म्हणजे पांढरे डाग, संसर्गाशी ज्यांचा काही संबंध नाही. हिंदीतले 'कोढ' म्हणजे कुष्ठरोग. मराठी, हिंदी, दखनी एकत्र नांदणाऱ्या जालन्याच्या बाजारपेठेत एका अक्षराच्या फरकाने सोयरीक मोडू शकते. ॲपने पडद्यावर कोणता शब्द दाखवावा, हा प्रश्न गणिताचा नाही.

१६/ तिसरी अडचण सर्वांत मोठी. १९६६ मध्ये रिडले आणि जॉपलिंग यांनी कुष्ठरोगाचे वर्गीकरण केले. ते एका सलग पट्ट्यासारखे आहे. एका टोकाला ट्यूबरक्युलॉइड प्रकार: शरीराची प्रतिकारशक्ती जोरात, जंतू अगदी कमी, चट्टे एक-दोन, कोरडे, बधिर आणि त्यांची कड स्पष्ट, बहुधा उंचावलेली. दुसऱ्या टोकाला लेप्रोमेटस प्रकार: प्रतिकार जवळजवळ नाही, जंतू अगणित, चट्टे पुष्कळ, लहान, दोन्ही बाजूंना सारखे आणि त्यांची कड भोवतालच्या त्वचेत विरघळलेली.

१७/ याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. या रोगात कडेची स्पष्टता हेच लक्षण आहे. जिथे कड ठसठशीत, तिथे शरीर लढते आहे आणि रुग्णापासून इतरांना धोका नगण्य. जिथे कड सापडत नाही, तिथे जंतू सर्वाधिक आणि उपचार मिळेपर्यंत प्रसारही तिथूनच. कड शोधण्यात पटाईत असलेले यंत्र सर्वांत निरुपद्रवी रुग्णाला हमखास पकडणार आणि ज्याला शोधणे सर्वांत निकडीचे, त्याच्या पाठीवरून 'निरोगी' असा शिक्का मारून पुढे जाणार. अशा यंत्राची अचूकता शेकड्यात कितीही भरो, त्या शेकड्याला अर्थ उरत नाही.

१८/ मधल्या प्रकारांत तर गंमत आणखी वाढते. काही चट्ट्यांच्या मध्यभागी निरोगी दिसणारी गोल जागा असते. तिची आतली कड कातरून काढल्यासारखी स्पष्ट आणि बाहेरची कड हळूहळू पुसट होत गेलेली. यंत्राने यातली कोणती कड आखावी? आतली आखली तर रोग म्हणून निरोगी त्वचा मोजली जाईल. बाहेरची आखायची तर ती नेमकी कुठे? अनुभवी डॉक्टर अशा ठिकाणी रेघ ओढतच नाही. 'आत स्पष्ट, बाहेर अस्पष्ट' असे लिहितो आणि ते शब्दच निदान असतात. काळा-पांढरा मुखवटा मागणाऱ्या फायलीत या शब्दांना जागा नाही.

१९/ निदानाची जुनी रीत साधी आहे. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचे, चट्ट्यावर पेनाच्या टोकाने हलका स्पर्श करायचा आणि कुठे लागले ते बोटाने दाखवायला सांगायचे. कोड असेल तर बोट अचूक जाते. कुष्ठरोगाच्या बधिर चट्ट्यावर जात नाही. लेप्रोमेटस प्रकारात मात्र आरंभी संवेदना शाबूत राहते, तिथे ही चाचणीही फसते. मग कोपरामागची नस चाचपून जाड झाली आहे का पाहायचे, कानाच्या पाळीतून त्वचारस घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा. यांपैकी एकही गोष्ट छायाचित्रात येत नाही.

२०/ ही रीत गावोगावी नेण्याचे काम महाराष्ट्रात झाले. वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानात डॉ. वार्डेकर यांनी सर्वेक्षण, शिक्षण, उपचार अशी पद्धत घडवली. प्रशिक्षित कार्यकर्ता घरोघर जाई, प्रत्येकाची त्वचा उजेडात पाही, स्पर्श करी. १९५५ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा कणा असाच कार्यकर्ता होता. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची दिशा ठरवली. योगायोग असा की त्याच वर्षी १ मे रोजी औरंगाबाद आणि परभणीतून तालुके घेऊन जालना जिल्हा अस्तित्वात आला.

२१/ मग डिसेंबर २००५. दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, म्हणून राष्ट्रीय पातळीवर रोगाचे 'दूरीकरण' जाहीर झाले. पुन्हा एक कड, या वेळी आकड्याची. तिच्या या बाजूला आल्यावर स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विरघळली, घरोघरचे सर्वेक्षण मंदावले, त्वचारसाची तपासणी विस्मरणात गेली. रोग मात्र कडेपाशी थांबला नाही. २०२२ मध्ये जगभरात सुमारे १,७४,००० नवे रुग्ण नोंदले गेले, त्यांतील १,०३,००० हून अधिक भारतातले. २०१६ पासून शोधमोहिमा पुन्हा सुरू कराव्या लागल्या, आणि आता आशाताई व पुरुष स्वयंसेवक घरोघर जातात.

२२/ त्यातही घराला कुलूप असेल तर? दिवाळीनंतर अंबड, घनसावंगी, परतूर, मंठ्यातून माणसे ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. हिवाळ्यात होणाऱ्या मोहिमेच्या वहीत ती 'घर बंद' या दोन शब्दांत मावतात. बंद घरासमोर मोबाईलचा कॅमेराही तितकाच हतबल. तपासणी फडावर न्यायला मात्र कोणत्याही नव्या तंत्राची वाट पाहावी लागत नाही.

२३/ संगणकाला दारच बंद करावे, असे यातून निघत नाही. एकाच रुग्णाच्या चट्ट्याची सहा महिन्यांनी तुलना करणे, कोडावरील उपचाराने किती टक्के रंग परतला ते मोजणे, दूरच्या तज्ज्ञाकडे चित्र पाठवणे, ही कामे तो माणसाहून चांगली करील. ब्राझीलमधील संशोधकांनी कुष्ठरोगासाठी केलेला प्रयोगही अभ्यासण्यासारखा आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात २२२ रुग्णांची छायाचित्रे आणि त्यांबरोबर लक्षणांची नोंद, दोन्ही वापरली. निदानाला बळ देणाऱ्या बाबी कोणत्या निघाल्या? उष्ण-थंड न कळणे, पायांतील मुंग्या, गाठी, चट्ट्यांची संख्या. खाज असेल तर उलट कुष्ठरोगाची शक्यता कमी. म्हणजे यंत्राला उत्तर सापडले ते बहुतांशी हाताने आणि प्रश्नांनी मिळवलेल्या माहितीत.

२४/ 'ॲप आले, आता मनुष्यबळ कमी लागेल' असा हिशेब मांडला जातो त्याला म्हणूनच विरोध करायला हवा. चित्र वाचणारे यंत्र स्वस्त आहे, त्वचेला हात लावणारे माणूस महाग आहे, आणि सरकारी खर्चात कात्री कुठे लागते हे २००५ नंतर एकदा पाहून झाले आहे. शिवाय या रोगात स्पर्शाला आणखी एक अर्थ आहे. ज्याच्या अंगाला घरचेही हात लावत नव्हते, त्याच्या दंडाला सर्वांसमोर हात लावणारी आशाताई निदानाइतकेच आणखी काही करत असते. दोन फुटांवरून छायाचित्र काढण्याने नेमके उलटे होऊ शकते.

२५/ जालना बियाण्यांचे गाव आहे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिकोची स्थापना येथे केली आणि पुढे बियाणे उद्योगाचे जाळेच उभे राहिले. नवे वाण येथल्या काळ्या मातीत, येथल्या पावसात पारखल्याशिवाय शेतकऱ्याच्या हाती देऊ नये, हे या गावाला कोणी शिकवायला नको. पोर्तुगालच्या रानात वाढलेले वाण परतूरच्या कोरडवाहू जमिनीत तसेच येईल असे सांगणाऱ्या विक्रेत्याला जालन्याच्या मोंढ्यात कोणी बसूही देणार नाही. त्वचेच्या बाबतीत मात्र तोच सौदा 'तंत्रज्ञान' म्हणून स्वीकारला जातो.

२६/ तेव्हा मागणी नेमकी असावी. कोणतेही कड-शोधक यंत्र जिल्ह्यात आणण्याआधी त्याची पारख येथल्या रुग्णांवर, त्यांच्या संमतीने व्हावी. प्रत्येक चट्ट्याची कड किमान तीन जणांनी स्वतंत्रपणे आखावी आणि तिघांचे मतभेद पुसून न टाकता तसेच जतन करावेत. 'कड ठरवता येत नाही' हे उत्तर यंत्राला देता आले पाहिजे, आणि ते आले की पुढची पायरी नसांची व त्वचारसाची तपासणी असावी. चित्राशेजारी स्पर्शचाचणीचा रकाना सक्तीचा हवा. आणि अचूकतेचा आकडा जाहीर करताना स्पष्ट कडेचे चट्टे वेगळे, पुसट कडेचे वेगळे मोजावेत. पुसट कडेचा आकडा आधी छापावा.